आत्याच्या ओसरीतलं आमचं कुत्रं

आम्हाला शिकवणाऱ्या एका बाईंनी या सत्रात घर बदललं. नव्या घरी गेल्यापासून त्यांचं कुत्रं घरातच घाण करू लागलं. जुन्या घरी ते कधी असं करत नव्हतं म्हणे. "बिघडलं ते. आता कुणाला तरी देऊन टाकावं लागणार," असं बाई वर्गाबाहेर दुसऱ्या बाईंना सांगत होत्या. मी तिथंच पुस्तकं घेऊन उभी होते. मला काहीतरी सांगायचं होतं. पण आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. इथं कुठं बोलावं आणि कुठं गप्प बसावं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. मी गप्प राहिले. खोलीवर आल्यावर मात्र आमचं कुत्रं आठवत राहिलं, आणि त्याच्यासोबत ते सगळं वर्ष. तोंडानं सांगता आलं नाही ते लिहून बघते. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या जवळ. तिथून पैनगंगा फार लांब नाही. तेव्हा नदीच्या अलीकडं निजामाचं राज्य होतं आणि पलीकडं वऱ्हाड. पलीकडं स्वराज्य झालं होतं, आमच्याकडं व्हायचं होतं. मी तेव्हा लहान होते, मला स्वराज्य म्हणजे नदीच्या पलीकडचं एखादं गाव असावं असं वाटायचं.

आमच्या कुत्र्याला नाव नव्हतं. बा 'यू यू' करायचा आणि ते यायचं, म्हणून नावाची गरजच पडली नाही. तांबूस रंगाचं, एक कान कायम पडलेला, आणि बाच्या मागं सावलीसारखं. ते पिल्लू असताना बानंच त्याला शिकवलं होतं. सकाळी डोळे उघडले की त्याला मानगुटीला धरून गोठ्यामागं न्यायचं. तिथं एक नाली होती. बैलांचं आणि गाईचं मूत त्या नालीतून मागच्या खड्ड्यात जायचं. पिल्लू त्या नालीपाशी ठेवायचं आणि त्याचं होईपर्यंत आपण उभं राहायचं. झालं की भाकरीचा तुकडा. बा कधी कुणाला चार शब्द जास्त बोलायचा नाही, पण त्या पिल्लाशी तिथं उभा राहून बोलायचा. "घे उरकून. मला वावरात जायचंय. तुह्यासारखं रिकामं हाय व्हय मी?"

थोड्याच दिवसांत ते शिकलं. पुढं कितीही पाऊस असो, ते उठून त्या नालीकडंच जायचं. शेजारचे पिंजारी चाचा म्हणायचे, "तुझा कुत्रा माणसाहून शहाणा निघाला रे." बा नुसता हसायचा. पण त्याला ते आवडायचं, हे आम्हाला कळायचं.

मग ते वर्ष आलं. रात्री-बेरात्री निजामाच्या बाजूची हत्यारबंद माणसं गावात शिरतात, तरण्या गड्यांना उचलून नेतात, अशा बातम्या येऊ लागल्या. एकेक घर करत लोक नदीपलीकडं जाऊ लागले. संक्रांत झाली आणि बानं गाडी जुंपली. मला आणि मायला वऱ्हाडात, आत्याच्या घरी पोचवायचं ठरलं. बा आम्हाला सोडून लगेच परतणार होता, तिथं राहणार नव्हता. जवारी उभी होती, गोठ्यात जनावरं होती. गावात राहिलेले गडी दिवसा कामं करायचे आणि रात्री उभ्या जवारीत, नाहीतर ओढ्याच्या घळीत लपून निजायचे. बाही त्यांच्यात होता.

गाडीत बसताना बानं कुत्र्याला उचलून माझ्या मांडीवर टाकलं.

माय म्हणाली, "ते कशाला? राखणीला राहू द्या की तुमच्यासंगं."

"राखण काय करतंय?" बा म्हणाला. "मी बसेन जवारीत मुका होऊन, आन हे बाहेर उभं राहून शेपूट हलवीन. साऱ्या मुलखाला कळंल, मी कुठं हाय. ह्याला धरून ठेवा. काहीबी झालं तरी इकडं येऊ देऊ नका."

हे त्यानं हसतच सांगितलं. पण माय हसली नाही. नदीतून गाडी उतरताना तिनं कुत्र्याच्या गळ्यातली दोरी आपल्या मनगटाला गुंडाळून घेतली होती.

आत्याचं घर मोठं होतं. आत्या बाची थोरली बहीण, माय तिला आक्का म्हणायची. घरात आत्या, तिचे मालक, ज्यांना मी मामा म्हणायचे, आणि आत्याची सासू. सासूला सगळं गाव मोठीमाय म्हणायचं. अंगानं किरकोळ, पण घरातलं प्रत्येक भांडं तिच्या नजरेनं हलायचं. तिनं आम्हाला दारात भाकरतुकडा ओवाळून आत घेतलं, मायच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "घर तुमचंच हाय, पोरी." मग कुत्र्याकडं बघून म्हणाली, "आन हे कोण पाव्हणं?"

कुत्र्याला गोठ्यात बांधायचं ठरलं. पण मोठीमायची म्हैस नुकतीच व्यालेली होती. परकं कुत्रं बघून ती बिथरली, दावं तोडू लागली आणि संध्याकाळी तिनं पान्हा चोरला. मामा रिकामी चरवी घेऊन बाहेर आले. म्हणून कुत्रं ओसरीत आलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत, जात्याच्या शेजारी, त्यानं घाण केली.

मायचा चेहरा मला अजून दिसतो. आपल्याच लेकरानं परक्याच्या घरी चोरी करावी, तसा झाला होता. ती पदर खोचून धावली. पण मोठीमाय म्हणाली, "राहू दे, मुकं जनावर हाय. वाट लई झाली त्याला." तिनं आत्याकडून ती जागा शेणानं सारवून घेतली, आणि गाईच्या ताज्या गोमूत्राचा तांब्या आणून स्वतःच्या हातानं शिंपडला. घर शुद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा.

असं होत राहिलं. माय पहाटेच त्याला घेऊन शिवारात जायची. ते तिच्यासोबत मुकाट फिरायचं, बांधाबांधाला नाक लावायचं, आणि काहीच न करता परत यायचं. घरात पाऊल टाकलं की जात्याजवळ. अंगणातल्या लिंबाला बांधलं तर रडायचं. ते रडणं ऐकून शेजारीपाजारी म्हणू लागले की असं कुत्रं रडणं घराला चांगलं नाही. शेवटी आत्यानं एकदा त्याचं नाक त्या घाणीजवळ नेऊन त्याला बडवलं. त्यानं एवढंच झालं की ते आता आमच्यासमोर करेना, कणगीच्या मागं जाऊन करू लागलं. कणगीत वर्षाचे दाणे होते.

घरातली माणसं चांगली होती, म्हणून आधी सगळं हसण्यावारी गेलं. मोठीमाय म्हणायची, "पाव्हणे आले त्याचं काई न्हाई बाप्पा. पण हे मेलं निजामाचं फर्मान घेऊन आलंय जसं. रोज उठून शिक्का मारून राहिलं."

आत्या मायला टोमणा मारायची, "काहो वैनी, तुमच्या मुलखात कुत्र्याला असंच शिकवतेत काय?"

"आक्का, तुमच्याच भावानं शिकवलंय. तुमच्याच घरचं वळण असंल," माय म्हणायची. आत्याला हसू यायचं, पण मोठीमाय समोर असली की ती ते दाबायची. सासूच्या घरात माहेरचं कुत्रं घाण करतंय, हे आत्याला जड जात होतं. ते मला आता कळतं. तेव्हा मला तिचा राग यायचा.

कुत्रं नीट जेवतही नव्हतं. दुपारी ते गाडीच्या चाकाला टेकून बसायचं. ती आमचीच गाडी. बा ती आमच्यासाठी ठेवून, आलो त्याच दिवशी बैल घेऊन, एका गाववाल्यासोबत पायी परत गेला होता. मीही त्या चाकाशी जाऊन बसायचे. त्या लाकडाला आमच्या गोठ्याचा वास येतो असं मला वाटायचं.

कणगीमागची घाण सापडली त्या दिवशी मात्र मोठीमाय हसली नाही. ती ओसरीत बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दाणा म्हणजे लक्षुमी. आता बस झालं. उद्या माहा पोरगा नदीकडच्या वावरात जाणार हाय. त्यानं ह्याला नदी उतरवून सोडून द्यावं. जाईल आपल्या घरी. वाट ठाऊक हाय त्याला."

माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"मोठीमाय," ती म्हणाली, "वाट ठाऊक हाय तेच तर. ते घरी न्हाई जायचं. ते त्यांच्यापाशी जाईल. जवारीत, घळीत, जिथं असतील तिथं जाईल. आन त्याच्या मागं..."

तव्यावरची भाकरी करपली. आत्यानं तोंडाला पदर लावला. तिचा भाऊ होता तो. मोठीमायनं कणगीकडं पाहिलं. मग म्हणाली, "मंग मी काय करू, सांग. दाण्यात घाण चालू देऊ?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिलाही खरंच कळत नव्हतं. मामा म्हणाले, "उद्याचं उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीमायनं एक गोष्ट केली. कुत्र्यानं आता ओसरी बाटवली, कणगी बाटवली, उद्या चुलीपर्यंत येईल, अशी तिला भीती होती. म्हणून तिनं आधीच बंदोबस्त केला. गोमूत्राचा तांब्या घेतला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, धार धरून एक रेघ ओढली. "आता येऊन दाखव म्हणावं," ती म्हणाली आणि तांब्या ठेवून पाट ओढून बसली.

कुत्रं ओसरीच्या कोपऱ्यात पडलं होतं. त्यानं मान वर केली. नाक हलवलं. मग उठलं, आणि इतके दिवस जे शेपूट पायात घालून फिरत होतं, ते शेपूट वर करून थेट त्या रेघेपाशी आलं. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगली. आणि सगळ्यांच्या देखत, अगदी शहाण्यासारखं, पाय वर केला.

मोठीमायचं तोंड उघडं राहिलं. आणि कुत्रं धार संपवून मायकडं वळलं, तिच्यासमोर बसलं, आणि वर बघू लागलं.

माय एकदम मटकन खाली बसली. मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. हसता हसता रडत होती म्हणा.

"अगं बया," ती म्हणाली, "ते भाकरीचा तुकडा मागून राहिलंय!"

"कशाचा तुकडा?" आत्यानं विचारलं.

मग मायनं सांगितलं. बा पिल्लाला कुठं न्यायचा, ती नाली, ते मूत, तो तुकडा. आमच्या घरी सारवण व्हायचं, पण शेणात पांढरी माती मिसळून, आणि ते वाळलं की वास उरायचा नाही. गोमूत्र घरात यायचं ते सणासुदीलाच. बाकी तो वास म्हणजे कुत्र्यासाठी एकच जागा. इथं परक्या घरात, परक्या वासांत ते घाबरून गेलं होतं. पहिल्या दिवशी चुकून जात्याजवळ झालं असेल. आणि आपण दर वेळी त्याच जागी तांब्याभर गोमूत्र ओतून त्याला सांगत होतो, की बाबा, तुझी जागा ही. मग मार चुकवायला ते कणगीमागं गेलं, आणि आज उंबऱ्यावर पुन्हा तोच वास.

"म्हंजे मीच त्याला बोलावून राहिले व्हते?" मोठीमाय म्हणाली.

"न्हाई मोठीमाय, तसं न्हाई..."

"तसंच हाय. गोड बोलू नको." तिनं तांब्या उचलला आणि मायच्या हातात दिला. "जा. परसात ओत उकिरड्याकडं. बघू तरी."

मायनं परसात, उकिरड्याच्या अलीकडं, एका जागी तांब्या ओतला. आम्ही सगळे मागच्या दारात उभे राहिलो. थोड्या वेळानं कुत्रं तिथं गेलं. दोनदा गोल फिरलं आणि बसलं. मायनं त्याला भाकरीचा तुकडा दिला. मामा म्हणाले, "चला, आता नदीकडं मी एकटाच जातो." त्यांच्या तोंडून इतके दिवस कुत्र्याबद्दल एक शब्द निघाला नव्हता. त्यांना ते सोडून येणं नको होतं, हे तेव्हा कळलं.

पण खरी अडचण पुढंच होती. ओसरीतला आणि कणगीमागचा वास जायला हवा होता. मायनं सांगितलं, चुलीची राख टाकून, खरवडून, नुसत्या पाण्यानं धुवावं लागेल आणि वर पांढऱ्या मातीचा हात फिरवावा लागेल. शेण नाही, गोमूत्र नाही. कुत्र्याचं मन बसेपर्यंत तरी नाही. म्हणजे मोठीमायच्या घरात, जिथं कुत्र्यानं घाण केली ती जागा, तिच्या हिशेबानं, शुद्ध न करता तशीच ठेवायची. सोवळं पाळणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे काय, ते मला आता कॉलेजातल्या मैत्रिणींना समजावून देता येत नाही. त्या म्हणतात, राखेनं धुतलं म्हणजे स्वच्छच झालं की. स्वच्छ झालं. पण शुद्ध नाही झालं.

मोठीमायनं त्याचा निर्णय बोलून दाखवला नाही. तिनं एक जुनं लुगडं आणलं आणि ओसरीच्या त्या अर्ध्या भागावर आडवं टांगलं. "मला दिसलं न्हाई म्हंजे झालं," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती देवापुढं जाताना सरळ ओसरीतून जायची नाही. अंगणात उतरायची, घराला वळसा घालायची आणि मागच्या दारानं आत यायची. गुडघे दुखायचे तिचे. वळसा घेताना एकेक पायरी "माय गं" करत चढायची. पण त्याबद्दल आम्हाला एकदाही बोलली नाही. एकदाच, कुत्रं परसातून येताना दिसलं तेव्हा त्याला म्हणाली, "तू पुढच्या दारानं, आन मी मागच्या. आता तू घरधनी का मी?"

कुत्रं हळूहळू रुळलं. एकदम नाही. मध्येच एखाद्या दिवशी चुकायचं. पाव्हणे आले, मोठ्यानं बोलणं झालं, की चुकायचं. माय तेव्हा त्याला मारायची नाही आणि कुणाला मारू द्यायची नाही. ती राख घ्यायची, धुवायची आणि त्याला परसात घेऊन जाऊन उभी राहायची. बासारखीच त्याच्याशी बोलायची. "घे उरकून. मला दळण पडलंय." ती असं बोलत असली की मला वाटायचं, ती कुत्र्याशी नाही, बाशी बोलतेय.

बाचे निरोप उन्हाळाभर अधूनमधून यायचे. बांगड्यांची पेटी घेऊन फिरणारा एक कासार ते आणायचा. त्याला ते पिंजारी चाचांनी सांगितलेले असायचे. जवारी निघाली. बैल ठीक आहेत. चाचा भाकर पोचवतात. मग पाऊस लागला, नदी भरली आणि निरोप बंद झाले. पावसाळा सरत आला तेव्हा नदीपलीकडून, आमच्या मुलखातून, वाईट बातम्या आल्या, कुठल्या गावच्या ते नीट कळेना. माय बोलेनाशी झाली. तिला जेवण जाईना. आणि कुत्र्यानं पुन्हा ओसरीत घाण केली, जात्याजवळ, पहिल्यासारखी.

मी आधी उठले होते, म्हणून मला ते दिसलं. मायला उठवायला वळले तर पुढं मोठीमाय होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. लुगडं बाजूला सारून ती आत गेली, जिथं ती इतके महिने गेली नव्हती. हातात राखेचं टोपलं होतं. खाली बसून तिनं सगळं साफ केलं, पांढऱ्या मातीचा हात फिरवला, आणि मला म्हणाली, "तुह्या मायला सांगू नको. तिला आज एवढं नको." मग विहिरीवर जाऊन डोक्यावरून न्हाली, आणि त्यानंतरच चुलीपाशी आली. मायला ती म्हणाली, "आज लई उकडून राहिलं, म्हणून न्हाले."

दसऱ्याच्या सुमाराला नदी उतरली. तोवर आमच्याकडचं निजामाचं राज्य गेलं होतं, लोक घरी परतू लागले होते. एके दुपारी कुत्रं परसात होतं, ते एकाएकी भिंतीवरून उडी मारून नाहीसं झालं. माय 'धरा, धरा' करत दारात आली. तेवढ्यात वाटेवरून ते परत येताना दिसलं, आडवं तिडवं उड्या मारत, आणि त्याच्या मागं बा. वाळून काठी झालेला, दाढी वाढलेली. माय उंबऱ्यात उभी राहिली. पुढं गेली नाही, मागं सरली नाही. आत्यानंच धावत जाऊन भावाचं तोंड कुरवाळलं.

बा ओसरीत बसला. पाणी प्याला. इतक्या महिन्यांचं काय काय होतं, ते कुठून काढावं? म्हणून त्यानं कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठीमायला विचारलं, "ह्यानं काही तकलीफ तर न्हाई दिली तुमाला?"

आत्यानं मायकडं बघितलं. मायनं जमिनीकडं.

"न्हाई बाप्पा," मोठीमाय म्हणाली. "कसली तकलीफ? लई गुणाचं हाय. घरात असून घरात न्हाई असं वाटायचं."

बाचा चेहरा फुलला. त्या वाळलेल्या तोंडावर ते हसू मावत नव्हतं. तो ताठ बसला आणि म्हणाला, "मीच शिकवलंय त्याला, मोठीमाय. लहानपणीच वळण लावलं की जनावर कुठंबी गेलं तरी इसरत न्हाई."

आधी आत्या फुटली. तोंडात पदर कोंबून ती भिंतीला टेकली आणि तिथंच खाली बसली. मग माय. मग मोठीमायही, डोळे पुसत, "अगं थांबा, माहा जीव चालला" म्हणत हसू लागली. मी त्या बायांना इतकं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही. बा एकेकीकडं बघत होता. त्याला काही कळलं नाही, पण सगळ्या हसतायत म्हणून मग तोही हसू लागला.